प्र: प्रवासात आजारी आईसाठी जप

गाडीत पळी-पंचपात्र, माळ काही नाही, तर आईसाठी मृत्युंजयाचा जप कसा करावा, असं तुम्ही विचारलंय. निःशंकपणे करा. पाणी सोडता येत नसेल तर संकल्प मनात करावा: गोत्र, नाव, मग ‘मम मातुः शीघ्रमारोग्यप्राप्त्यर्थम्’. वडिलांसाठी ‘पितुः’. गोत्र आईचं सासरचं घ्यायचं, इथे बरेच जण माहेरचं सांगतात. ठाऊकच नसेल तर काश्यप.

माळेऐवजी करमाला, म्हणजे बोटांच्या पेरांवर अंगठ्याने मोजणं, उत्तम. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात, मग तिचं खालचं पेर, करंगळीची तिन्ही खालून वर, अनामिकेचं, मधल्या बोटाचं आणि तर्जनीचं वरचं, शेवटी तर्जनीचं मधलं आणि खालचं. झाले दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं म्हणजे मेरू, तिथे अंगठा टेकवायचा नाही. दहाची आवर्तनं डाव्या हातावर मोजा. अशी दहा झाली की उरलेल्या आठांसाठी अनामिकेच्या खालच्या पेरापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत जायचं, एकशेआठ पूर्ण. गडबड होते ती डाव्या हातावरच, फोन घेतला की आवर्तन विसरतं. तेव्हा फोन आधी बाजूला ठेवा.

संकल्पात आपण कुठे आहोत तेही सांगतात; पुण्याहून नागपूरला गेलात तर ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’चं (गोदावरीच्या दक्षिण तीरावर) ‘उत्तरे तीरे’ होईल. परदेशात संकल्पासाठी तिथी बघताना पंचांगातली वेळ स्थानिक वेळेत बदलून घ्या. पुण्यात सकाळी ७ ला संपणारी तिथी न्यूयॉर्कला उन्हाळ्यात आदल्या रात्री ९.३० लाच संपलेली असते.