विंडोज १० च्या जुन्या पीसीवर लिनक्स मिंट: टॅली, श्रीलिपी, प्रिंटर यांचं काय?

उद्यमनगर_लेथ
शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपचा ऑफिस पीसी आहे. आय३-३२२०, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १०. विंडोज ११ घेत नाही. कामं म्हणजे टॅली, गिऱ्हाइकांकडून येणारी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या फाइलींची) ड्रॉइंग, श्रीलिपीत टाइप केलेली जुनी पत्रं, ईमेल आणि व्हॉट्सअॅप वेब. प्रिंटर कॅनन एलबीपी २९००. विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम, लिनक्स मिंट, टाकावं का? उबंटू ही दुसरी लिनक्स सिस्टीम, तिच्यात आणि मिंटमध्ये नेमका फरक काय? विंडोज पुसावंच लागेल का?

राजारामपुरी_हार्डवेअर
विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तुमचा तिसऱ्या पिढीचा, त्यामुळं ती वाट बंद. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटमधून जादा सुरक्षा अपडेटची नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत निभावतं.

फरकाचं सांगायचं तर गाभा, म्हणजे लिनक्स कर्नल, दोन्हीकडं तोच. मिंट २२ हे उबंटू २४.०४ वरच बांधलंय, अपडेट २०२९ पर्यंत. वेगळा असतो तो डेस्कटॉप. मिंटच्या सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपमध्ये खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोजवरच्या माणसाचा हात लगेच बसतो. त्याच मिंटची एक्सएफसीई आवृत्ती हलकी आहे. ४ जीबीवर तीच घ्या. शिवाय उबंटूत फायरफॉक्स स्नॅप पॅकेजमधून (सगळं एकत्र बांधून दिलेल्या रूपात) येतो, आणि जुन्या डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला वेळ खातो. मिंटमध्ये स्नॅप मुळातच बंद असतं.

पण भावा, आधी २४० जीबीची साटा एसएसडी बसव आणि रॅम ८ जीबी कर. रॅम डीडीआर३च पाहिजे, डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही. जुनी हार्डडिस्क तशीच ठेवून ओएस बदलली तर वेग फारसा वाढणार नाही.

अकाउंट्स_शाहूपुरी
टॅली विंडोजसाठीच बनतं. वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायच्या युक्त्या सापडतील, पण जीएसटी रिटर्नच्या तारखा डोक्यावर असताना हिशेबाचं काम त्यावर सोपवू नका. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर तेही विंडोजवरच ठेवा.

श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाहीत. तिथं फॉन्टच्या आत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर पत्र उघडलं की निरर्थक चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. विंडोज चालू आहे तोवर लागणारी पत्रं युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं व रफार एकदा डोळ्यांखालून घाला, चुका तिथंच राहतात. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट मिळतो, उच्चारानुसार टाइप करायचा कगप लेआउटही आहे.

ड्रॉइंगसाठी गिऱ्हाइकाकडून डीएक्सएफ फाइल मागा. लिब्रेकॅड हे मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअर ती नीट उघडतं. डीडब्ल्यूजीत काही ना काही सुटतं. मापाचा प्रश्न आहे, अंदाजावर चालणार नाही.

एलबीपी २९०० ही खरी अडचण. त्याला कॅननचा वेगळा कॅप्ट ड्रायव्हर लागतो, तो जुना आहे आणि नव्या सिस्टीमवर मध्येच अडतो. एचपीचे बरेच प्रिंटर एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरमुळं सरळ चालतात. फक्त लेझरजेट १०२० सारख्या मॉडेलला वरून प्लगिन उतरवावं लागतं, नाहीतर प्रिंटर यादीत दिसतो पण कागद हलत नाही.

उद्यमनगर_लेथ
म्हणजे टॅली आणि प्रिंटिंगला विंडोज, बाकीला मिंट. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवताना कुठं बिघडतं?

राजारामपुरी_हार्डवेअर
तीन ठिकाणी. पहिलं, बूट मोड, म्हणजे पीसी सुरू व्हायची पद्धत, जुनी लेगसी किंवा नवी यूईएफआय. विंडोजमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडून बायोस मोड बघा. तिथं लेगसी असेल तर पेनड्राइव्हही लेगसीतच बूट करा, यूईएफआय असेल तर यूईएफआयमध्ये. मिसळ केली की बूट मेनूत विंडोज दिसत नाही आणि लोकांना वाटतं डेटा गेला.

दुसरं, फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मिंटला त्या पार्टिशनवर (डिस्कच्या त्या भागावर) लिहिता येत नाही. पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन आधी बंद करा.

तिसरं, जागा. ती विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच मोकळी करा, ६० जीबी पुरे. पार्टिशन आकसताना वीज गेली तर फाइल सिस्टीमच तुटते. पावसाळ्यात यूपीएसशिवाय हात घालू नका, आणि टॅलीच्या डेटाची कॉपी दुसऱ्या डिस्कवर आधी.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमनं मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) लिहा. इन्स्टॉल न करता तसंच चालू करून आवाज, वायफाय, स्क्रीन तपासा. सगळं चाललं तरच पुढं जा.

संभाजीनगर_नेटवर्क
दोन्ही टाकल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. मिंटला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की सुटतं. पण तारीखच कित्येक वर्षं मागं गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. चुकीच्या तारखेमुळं बँकेच्या आणि जीएसटीच्या साइट प्रमाणपत्राची चूक दाखवतात.

आणि मिंटमधलं टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टीमची जुनी स्थिती जपणारं साधन, पहिल्याच दिवशी चालू करा. अपडेटनं काही मोडलं तर सिस्टीम मागं नेता येते. मात्र ते होम फोल्डरमधल्या तुमच्या फाइली मुळात धरत नाही. बिलं आणि ड्रॉइंगचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर वेगळा घ्यावाच लागेल.