'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

टाचण: पदवीच्या मुलांना संशोधनात घेणाऱ्या मार्गदर्शकांसाठीची पुस्तिका मराठीत आणतेय. अडलंय 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट'पाशी. काम सुरू व्हायच्या आधी विद्यार्थी आणि मार्गदर्शक मिळून लिहितात तो कागद: आठवड्याला तास किती, भेट कधी, शिकायचं काय, शोधनिबंधावर नावं कुणाची, बिनसलं तर जायचं कुणाकडे. मी 'अध्ययन करार' लिहिलं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, करार भाडेकरूशी होतो, विद्यार्थ्याशी नाही.

रानवारा: नाही पटलं. करार अरबीतून आला, मुळात अर्थ स्थिरता, ठरलेपण. भाडं नंतर चिकटलं. प्रौढशिक्षणातले माल्कम नोल्सही 'लर्निंग कॉन्ट्रॅक्ट'च म्हणत, १९८६ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं त्यांनी.

जुनंपान: मग सरळ 'अध्ययन-संविदा' म्हणा. कायद्याच्या मराठीत रुळलेला शब्द आहे.

शेवंती: संविदा वाचून पोरं न वाचताच सही करतील. पदवीला असताना मी एका प्रयोगशाळेत आठ महिने काम केलं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. निबंधावर आपलं नाव येईल का, हे विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. बरोबरच्या मुलीचे वडील प्राध्यापक, तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं. तिचं नाव लेखकांत आलं, माझं आभारात. आमची आजी कुठल्याही कामाआधी विचारायची, "बोली काय झालीय?" 'शिकण्याची बोली' म्हणा.

रानवारा: गोड आहे, पण बोली तोंडी असते. इथे लिहून ठेवणं हाच तर मुद्दा.

पाणवठा: कबुलायत?

जुनंपान: अजिबात नको. सरकार जमिनीचा पट्टा देई, रयत अटी कबूल असल्याची कबुलायत लिहून देई. छापील कागद पुढे सरकवून विद्यार्थ्याची सही घेतली की तीच कबुलायत होते, मग नाव काहीही द्या.

टाचण: म्हणूनच यात मार्गदर्शकाचीही कलमं आहेत, मसुदा किती दिवसांत वाचून परत देणार वगैरे. मध्यावर दोघांनी पुन्हा वाचून बदलायचाही असतो. 'समजपत्र' कसं वाटतं?

शेवंती: समज 'देतात' हो, चुकलेल्याला.

पाणवठा: उपशीर्षकात काय घेतलंय, 'समान' की 'समन्यायी'? पाणीवाटपामुळे 'समन्यायी' आता सगळ्यांना कळतो.

टाचण: 'समान मार्गदर्शन' लिहिलंय. मुळात 'इक्विटेबल' आहे, म्हणजे ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे न्याय्य.

शेवंती: मग बदलाच. त्या मुलीला आणि मला सरांनी अगदी समान वागवलं होतं. दोघींनाही आपणहून काही सांगितलं नव्हतं.