दशावताराला 'परफॉर्मन्स आर्ट' म्हणणं बंद करा

खाडीकाठ: काल इथे एकाने लिहिलं, कोकणात कला नि जगणं कधी वेगळं नव्हतंच, दशावतार, म्हणजे आपलं जत्रेतलं रात्रभराचं लोकनाट्य, हाच आपला परफॉर्मन्स आर्ट (कलाकाराची कृती हीच कलाकृती), अमेरिकेला ते 1959 मध्ये कळलं. डोकं फिरलं वाचून. त्या साली न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅलन काप्रो या कलाकाराने जे 'हॅपनिंग' केलं, त्यात संत्री पिळण्यासारखी साधी कामंच कला म्हणून मांडली होती. दशावतार नेमका उलट. संहिता लिहिलेली नसते हे खरं, पण राजाची भाषा रोजची असते का? साधं बाकडं असतं, राजा बसला की त्याचं सिंहासन होतं. सगळा खटाटोप रोजच्यातून बाहेर नेण्याचा.

देवगडकर: तुम्ही नाटक फक्त समोरून बघितलंत. माझा काका राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा. पहाटे दहीकाला होऊन नाटक संपलं की खोबरेल लावून तोंड पुसायचा आणि थेट बागेत कामाला. कानामागे रंग तसाच. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' हे उगाच म्हणतात? ही सरमिसळ नाही तर काय?

खाडीकाठ: ती सरमिसळ नाही, गरिबी आहे. तिला कलेचं नाव देऊ नका.

वेंगुर्ल्याची माई: राजा, बाकडं, काका! जत्रेच्या रात्री कंपनीला जेवण कोण रांधतं? मिअर्ल युकेलीस या अमेरिकन कलावतीने 1969 मध्ये जाहीरनामा काढला, घरची धुणीभांडी हीच माझी कला. पुढे 1979-80 मध्ये न्यूयॉर्कच्या साडेआठ हजार सफाई कामगारांना एकेक भेटून हात मिळवला, आभार मानले. आमच्याकडे नारळ देऊन सत्कार होतो तो मानकऱ्यांचा. चुलीपाशी कोणी फिरकत नाही.

परळचा चाकरमानी: जेवणाचं सोडा, मानधनाचं बोला. आमच्या वाडीत डीजेला पैसे मोजून दिले आणि नाटकवाल्यांशी मध्यरात्रीपर्यंत घासाघीस.

देवगडकर: डीजे कोणाला हवा होता? तुम्हा मुंबईवाल्यांनाच! युद्धाच्या प्रवेशाचा व्हिडिओ काढता नि उठून जाता. पहाटे समोर म्हातारी माणसं तेवढी उरतात.

परळचा चाकरमानी: वर्गणी आमचीच असते, विसरू नका.

देवगडकर: वर्गणी दिली म्हणून जत्रा विकत घेतली नाही!

खाडीकाठ: भांडण पुरे. माई, युकेलीसचं मान्य करावं लागेल, रांधणं तिच्या व्याख्येत बसतं. दशावतार तरीही बसत नाही.

वेंगुर्ल्याची माई: व्याख्या ठेवा तुमच्याकडे. यंदा वाडीच्या बैठकीत रांधणाऱ्या बायांच्या मजुरीचा विषय मी काढणार आहे. तेव्हा बोला.