शब्दचर्चा : 'रझाकार' म्हणजे नेमकं कोण?

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीत गाडी लावण्यावरून दोन पोरांची जुंपली. दोघंही पंचविशीच्या आतले. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "रझाकाराची औलाद!" मी मध्ये पडलो, भांडण मिटलं, पण शब्द डोक्यातून जाईना. त्या पोराला रझाकार कोण हे ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "सर, भाषणात म्हणतात की." म्हणून हा धागा काढतोय. मी लातूरचा. आमच्या घरात हा शब्द तीन पिढ्या वापरात आहे, पण त्याचा अर्थ माझ्या डोळ्यांदेखत बदलला.

आधी मूळ बघू. 'रझा' म्हणजे मर्जी, संमती. कचेरीत आपण रजेचा अर्ज टाकतो ती रजा हीच. राजी, राजीखुशी, राजीनामा, सगळी त्याच घरची लेकरं. 'कार' म्हणजे करणारा. राजीखुशीनं काम करणारा तो रझाकार, म्हणजे सरळ 'स्वयंसेवक'. लातुरात वकिली करणाऱ्या कासीम रझवीनं हैदराबादच्या निजामाची गादी टिकवायला जी हत्यारबंद टोळी वाढवली, तिला हे नाव होतं. १९४७-४८ मध्ये त्या टोळीनं खेडोपाडी जे केलं त्यानं मूळचा अर्थ पार पुसला. आज एखाद्या सेवाभावी माणसाला रझाकार म्हणून बघा!

माझी आजी हा शब्द सप्तमीत वापरायची. "रझाकारात आमी वाडा सोडला." "माझा धाकटा भाऊ रझाकारात झाला." प्लेगात, दुष्काळात, तसं रझाकारात. तिच्या लेखी ते एका काळाचं नाव होतं, आणि त्या काळात तालुक्याहून आलेल्या ठरावीक माणसांचं. त्यातल्या दोघांची नावं तिला पाठ होती, कुणाचं काय जाळलं तेही पाठ होतं. शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्याला ती कधी रझाकार म्हणाली नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी हैदराबादेत ज्या संपादकाला मारलं ते शोएबुल्ला खान मुसलमानच होते, निजामाचं संस्थान भारतात यावं असं लिहीत होते. आजीला हे नाव माहीत असायचं कारण नव्हतं, पण तिच्या शब्दाची हद्द बरोबर तिथवरच होती. शब्द करणीला होता, जातीला नव्हता.

आता मला खरं विचारायचंय ते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर, म्हणजे निजामानं हात टेकल्यावर, त्याच पिंजाऱ्याची बायको आणि तिचं तान्हं लेकरू दोन रात्री आमच्या बळदात होतं. नव्या मंडळींसाठी सांगतो : बळद म्हणजे जाड भिंतींच्या मधलं धान्याचं कोठार, उतरायचं तोंड वरून असतं. पणजोबांनी वर फळी टाकली आणि फळीवर ज्वारीची पोती ठेवली. लेकरू रडू नये म्हणून आजीनं गुळाचा खडा फडक्यात बांधून त्याच्या तोंडात दिला. ती तेव्हा बारा वर्षांची. मी तिला विचारलं होतं, "आजी, रझाकार तर पळाले होते. मग कुणापासून लपवलं?" म्हणाली, "आपलेच." "त्यांना काय म्हणायचे?" ती थांबली. मग म्हणाली, "त्यांला काय म्हणावं. ते लोकं."

पहिल्यांना नाव आहे, दुसऱ्यांना नाही. सरकारनं धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे भारताची फौज संस्थानात शिरली त्या मोहिमेच्या, वेळी आणि त्यानंतर सगळ्या संस्थानात मिळून किमान २७ ते ४० हजार माणसं मेली असा अंदाज दिला. सगळ्यात जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचं उस्मानाबाद आणि नांदेड होतं. एवढं घडून गेलं आणि आमच्या बोलीत करणाऱ्यांना शब्द नाही? तुमच्या गावाकडं असेल तर सांगा. पेपरातला नको, घरातला सांगा.

औश्याहून एक ताई लिहितात

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही, पण याच्याच शेजारचा एक शब्द मला कित्येक वर्षं सलतोय. ९ एप्रिल २०१९ ला आमच्या औश्यात पंतप्रधानांची सभा झाली. माझी लेक पहिल्यांदा मत देणार होती, आम्ही दोघी गेलो होतो. तिथं पहिल्यांदा मत देणाऱ्यांना विचारलं गेलं की तुमचं पहिलं मत बालाकोटच्या हवाई हल्ल्यातल्या जवानांना, पुलवामाच्या शहिदांना समर्पित होईल का. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. पुलवामात ४० जवान गेले त्याला दोन महिनेही झाले नव्हते. परतताना तिनं विचारलं, "आई, मत तर उमेदवाराला पडणार ना? मग समर्पित त्यांना कसं?"

मी तेव्हापासून या वाक्याचं व्याकरण लावतेय. समर्पण देवाला, गुरूला. आपण मत देतो, टाकतो, मागतो, फोडतो, पण समर्पित करत नाही. निवडणूक आयोगानं पुढं त्यात आचारसंहितेचा भंग नाही असं ठरवलं, एका आयुक्तांचं मत वेगळं होतं. कायद्याचं राहू द्या. वाक्यात देणारा आहे, ज्याच्या नावानं द्यायचं तो आहे, आणि ज्याच्या पदरात पडणार तो वाक्यातच नाही. 'शहीद' हा शब्द तरी आपला म्हणायचा का?

धागाकर्ता

ताई, लेकीचा प्रश्न लाखमोलाचा आहे. 'शहीद'चा मूळ अर्थ साक्षीदार. कोर्टातला शाहिद तोच. आपला जुना शब्द हुतात्मा : हुत म्हणजे अग्नीत आहुती दिलेलं. हैदराबाद मुक्तिलढ्यात मारले गेलेले बिलोलीचे गोविंदराव पानसरे यांच्या नावामागं मराठवाडा हुतात्मा लावतो, शहीद नाही. लढाईत पडलेल्याला पूर्वी 'धारातीर्थी पडला' म्हणत, तलवारीच्या धारेला तीर्थ मानून. आणि सरकार? २०१७ मध्ये संरक्षण आणि गृह या दोन्ही खात्यांनी केंद्रीय माहिती आयोगापुढं सांगितलं की आमच्याकडं 'शहीद' असा शब्दच नाही. दप्तरी शब्द आहे लढाईतली किंवा मोहिमेतली हानी. दप्तरात जवान हानी असतो आणि प्रचाराच्या फलकावर शहीद, यातलं अंतर मला फार बोचतं. त्याच्या घरी पेन्शनची फाईल जाते ती पहिल्या शब्दानं.

साक्षीदाराचा अर्थ धरला तर आणखी बोचतं. साक्षीदाराला विचारता येतं, हा साक्षीदार बोलू शकत नाही.

परभणीहून

दादा, मी शेतकरी माणूस, शब्दाचं मला तुमच्याएवढं कळत नाही. पण २०२५ च्या मे महिन्यात 'ऑपरेशन सिंदूर' झालं तवा आमच्या घरात एक गोष्ट झाली ती सांगतो. आमची माय टीव्हीपुढं बसल्याली. म्हणली, "हे शेंदूर कामून म्हणायलेत रे? शेंदूर तर मारुतीला." आमच्याकडं बाई कुंकू लावती. शेंदूर मारुतीला, म्हसोबाला, बांधावरच्या दगडाला. पहलगामात २६ माणसं मारली, त्यातल्या बायांचं कुंकू पुसलं म्हणून ते नाव ठेवलं, हे मी तिला समजून सांगितलं. तिनं पदर डोळ्याला लावला. कुंकू म्हणलं असतं तर तिला सांगावं लागलं नसतं.

आन दुसरं. आपल्याकडं म्हणतात ना, अमक्या पक्षानं दगडाला शेंदूर फासून उभा केला तरी निवडून येतो. मग रस्त्याच्या फलकावर त्या ऑपरेशनचं नाव आन खाली पुढाऱ्याचा फोटो बघितला की मला ती म्हणच आठवायली. ज्या बाईचं कुंकू गेलं तिला कसं वाटत आसंल? एवढंच.

अंबाजोगाईहून, निवृत्त शिक्षक

'धर्मयुद्ध' हा शब्द या चर्चेत यायलाच हवा. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा प्रचारात 'व्होट जिहाद' असा आरोप झाला आणि त्याला 'मतांचं धर्मयुद्ध' असं उत्तर देण्याचं आवाहन देवेंद्र फडणवीस यांनी केलं. संस्कृतात धर्मयुद्ध म्हणजे धर्मासाठीचं युद्ध नव्हे, तर नियमानं केलेलं युद्ध. सूर्य मावळल्यावर थांबायचं, ज्यानं शस्त्र टाकलं त्याला मारायचं नाही, रथातल्यानं पायी चालणाऱ्यावर धावून जायचं नाही. महाभारतात हे नियम पांडवही मोडतात. पण सगळ्यात मोठा भंग सौप्तिक पर्वात आहे. सौप्तिक म्हणजे झोपलेल्यांविषयीचं. अश्वत्थामा रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारतो. बापाचा सूड हे त्याचं कारण खोटं नव्हतं. तरी महाभारतानं त्याला क्षमा केली नाही, आणि आपल्या आयाबायांनी त्याला कपाळावरच्या जखमेला तेल मागत दारोदार फिरायला लावलं. झोपलेल्याला, नि:शस्त्राला, वाटसरूला मारणं याला आज आपण दहशतवाद म्हणतो. म्हणजे धर्मयुद्धाचा खरा विरुद्धार्थी शब्द तो आहे. मतपेटीच्या लढाईला धर्मयुद्ध म्हटलं की शब्दातले नियम गळून पडतात आणि शत्रू तेवढा उरतो. हे मी दोन्ही बाजूंना बोलतोय. २०१३ मध्ये सुशीलकुमार शिंदे 'हिंदू दहशतवाद' म्हणाले आणि मग त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. दहशतवादाला विशेषण लावलं की करणाऱ्याचं नाव पुसतं आणि सगळ्या वस्तीचं लागतं.

धागाकर्ता

गुरुजी, विशेषणाचं पटलं. 'दहशत' मात्र वाद लागायच्या आधी आपल्याकडं होतीच. धाक वडिलांचा, दरारा हेडमास्तरांचा, जरब फौजदाराची, पण दहशत बसते. ती ज्याला भ्यायचं त्याच्या अंगात राहते. बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला, तेव्हा गावोगाव बाया कॅमेऱ्यापुढं "दहशत हाय" एवढंच म्हणत होत्या. त्यांना वाद लावायची गरज पडली नाही.

रझाकारांकडं परत येतो. त्याच २०२४ च्या प्रचारात योगी आदित्यनाथ यांनी मल्लिकार्जुन खर्गे यांच्या घराचा विषय काढला. बिदर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी रझाकारांनी घर जाळलं, त्यात आई आणि बहीण गेली. मतांसाठी खर्गे त्यावर गप्प राहतात असा आरोप होता. त्यावर त्यांचे चिरंजीव प्रियांक यांनी उत्तर दिलं, त्याचा आशय असा : हे रझाकारांनी केलं, सगळ्या मुसलमान समाजानं नाही. ज्याचं घर जळालं त्यानं शब्दाची हद्द राखली. माझ्या आजीची हद्द हीच होती.

हा शब्द हद्द सोडून किती लांब जातो बघा. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी लष्कराला साथ देणारं दलही रझाकारच म्हणवलं जाई. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना आंदोलकांबद्दल बोलताना रझाकारांच्या नातवंडांचं नाव काढून बसल्या. पोरांनी तोच शब्द घोषणा करून रस्त्यावर आणला आणि ५ ऑगस्टला हसीनांना देश सोडावा लागला. इकडं तेलंगणात १७ सप्टेंबरला कुणी मुक्तीदिन म्हणतं, कुणी एकता दिन, ज्याचा पक्ष त्याचा दिवस.

नांदेडहून एक ताई

भाऊ, तुम्ही विचारलं की त्या दुसऱ्या लोकांना काय म्हणतात. मी मुसलमान घरातली, शिक्षण सगळं मराठीतून. आमच्याकडं करणाऱ्यांना नाव नाही, पण झाल्या गोष्टीला आहे. माझ्या दादी म्हणायच्या, "पुलिस ॲक्शन में गए." अब्बांचे दोन चुलते 'पुलिस ॲक्शन में' गेले. मला शाळेत पहिल्यांदा पोलीस ॲक्शनवर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी घाबरून घरी पळत आले. बाईंना कळेना मला काय झालं. पुस्तकात पोलीस ॲक्शन म्हणजे १३ ते १७ सप्टेंबर, फौज सोलापूरकडून आली, पाच दिवसांत निजाम शरण आला, मुक्ती मिळाली. ते खोटं नाही. रझाकारांपासून सुटका झाली हेही खोटं नाही, आमच्या नानांनी स्वतः रझाकारांचा मार खाल्ला होता. पण दादींच्या तोंडी तोच शब्द म्हणजे विहीर. त्यांच्या गावातल्या एका विहिरीचं पाणी त्यांनी पुढं कधी प्यायलं नाही.

मुळात रणगाडे आणि विमानं वापरलेल्या मोहिमेला पोलीस ॲक्शन का म्हटलं, तर हैदराबादचं प्रकरण त्याच ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडं गेलं होतं आणि भारताला ते घरचं काम म्हणून दाखवायचं होतं, असं मला कॉलेजात सरांनी सांगितलं. तेव्हा मला वाटलं, सरकारनं शब्द निवडला दिल्लीत आणि तो राहायला आला आमच्या घरी.

निवडणूक आली की शेजारच्या लेकरांच्या तोंडी रझाकार येतो, आमच्या लेकरांच्या घरात पुलिस ॲक्शन बोललं जातं. दोघांनाही त्यातलं काही माहीत नाही.

तुमच्या आजींच्या बळदातलं ते लेकरू जगलं का, तेवढं सांगा.

धागाकर्ता

जगलं, ताई. पुढं त्यानंच आमच्या घरच्या गाद्या पिंजल्या, माझ्या लग्नातल्यासुद्धा. आजी त्याला शेवटपर्यंत 'गुळ्या' म्हणायची. मला वाटायचं गोड बोलतो म्हणून.