बळी कमी, म्हणून वादळ छोटं?

आगरातला
परवा एका व्याख्यानात वक्ते म्हणाले, निसर्ग वादळ आपण थोडक्यात निभावलं, बळी बोटांवर मोजण्याइतके. टाळ्या पडल्या. मी श्रीवर्धन तालुक्यातला. माझे हात काही उचलले नाहीत.

३ जून २०२०. ताशी १००-११० किलोमीटर वारा, मध्येच १२० चे झोत. माणसं दारं लावून आत बसली म्हणून वाचली. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आत घेता येत नाहीत. आमची वाडी १० गुंठ्यांची. सकाळी १४० पोफळी आणि १५ माड होते, संध्याकाळी उभ्या पोफळी २३. त्यातल्याही निम्म्यांचा शेंडा गेलेला. माड पडल्यामुळे सावली गेली आणि उरलेल्या पुढच्या उन्हाळ्यात भाजल्या. नवं रोप धरायला सहा-सात वर्षं जातात. बाबा तेव्हा ७४ चे होते.

मदत हेक्टरी ५० हजार, दोन हेक्टरांपर्यंत. ऐकायला बरं वाटतं. १० गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा हिस्सा, म्हणजे पाच हजार. सातबाऱ्यावर नावं नऊ. चौघं मुंबईत आणि एक काका वारलेले, त्यांची वारसनोंद झालेली नाही. पाच हजारांचे नऊ वाटे करून बघा.

मृतांचा आकडा हे वादळाचं माप नाही. ते माप लावलं की जो जिवंत राहिला तो हिशेबातूनच जातो. तुम्हाला काय वाटतं?

कटकची_बदली
वाडीचं वाचून वाईट वाटलं. मुद्दा मात्र पटला नाही, आणि खरं सांगू का, थोडा रागही आला.

बँकेच्या नोकरीत माझी बदली ओडिशात कटकला झाली तो १९९९ चा सप्टेंबर. २९ ऑक्टोबरला पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकलं. वारा ताशी २६० किलोमीटर. बरं, येऊन पुढे जावं तर तेही नाही. किनाऱ्यालगतच रेंगाळलं आणि पाऊस ओतत बसलं. जगतसिंहपूर जिल्ह्यात एरसामा नावाचा भाग आहे. तिथे समुद्र २० फुटांनी चढून आत आला. सरकारी आकडा जवळपास १०,००० मृत्यूंचा, त्यातले आठ हजारांहून जास्त त्या एका जिल्ह्यातले. गुरं चार लाखांच्या वर गेली.

आम्ही काही जण तांदूळ आणि ताडपत्र्या घेऊन निघालो तोवर दोन आठवडे उलटले होते. वासाबद्दल लिहीत नाही. एका वस्तीत पंचनामा अडला होता, कारण पंच म्हणून सही करायला त्या वस्तीतलं कोणी उरलं नव्हतं.

त्याच ओडिशात २०१३ ला फायलिन आलं. दहा लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवली होती आणि मृत्यू काही दहांत राहिले. २०१९ ला फनी आलं, बारा लाख माणसं हलवली, ६४ मृत्यू. हे देवाने केलं नाही. १९९९ ला किनाऱ्यावर मोजके निवारे होते, आता आठशेहून जास्त आहेत. गावोगाव पथकं, भोंगे, दरवर्षी सराव. त्या व्याख्यानातल्या टाळ्या ह्या कामाला होत्या असं समजा. पोफळी मोजायला तुम्ही मागे राहिलात, हीच ती बातमी.

नाक्यावरचा
काकांना अनुमोदन. शेवटचं वाक्य जरा लागलं पण.

तुसडा
एक अवांतर. ह्या वादळाला ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशने सुचवलेलं होतं. वादळांच्या नावांच्या नव्या यादीतलं पहिलंच नाव. आणि ‘सायक्लोन’ हा शब्दही बंगालच्या उपसागराच्या काठी जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाचे गृहस्थ कलकत्त्यात बसून वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या चाळत असत, त्यांनी १८४८ मध्ये तो वापरात आणला. कलकत्त्याजवळच्या मातला नदीवर नवं बंदर बांधू नका, वादळाचं पाणी चढेल, असं त्यांनी सरकारला १८५३ मध्ये बजावलं होतं. पोर्ट कॅनिंग बांधलंच. १८६७ च्या वादळात त्याची धूळधाण झाली. चालू द्या.

आगरातला
काका, लागलंच. एरसामाशी बरोबरी करण्याचा हेतू नव्हता. पण फनीचंच घ्या. माणसं वाचली, आणि पुरीत कित्येक भाग आठवडे अंधारात होते. माड, केवडा, टपऱ्या सगळं गेलं. निवाऱ्यात एक रात्र काढवली की ‘वाचवलं’ म्हणून खातं बंद करायचं का? आमच्याकडे तर लॉकडाऊन. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, पत्रे दुप्पट भावाने. पहिले चार दिवस बातमी, पाचव्या दिवशी कॅमेरे गेले. गेले कारण दाखवायला मृतदेह नव्हते. हे माझं कडवट बोलणं समजा हवं तर.

ऑर्लँडोची_सून
मला वेगळंच म्हणायचंय. तुम्ही दोघंही मृतांचा आकडा पक्का धरून भांडताय. तोच पक्का नसतो.

२० सप्टेंबर २०१७ ला मारिया हरिकेन प्वेर्तो रिकोवर गेलं. सरकारी आकडा ६४, आणि तो जवळजवळ वर्षभर तसाच राहिला. मग जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचा अभ्यास आला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने आकडा बदलला. २,९७५. हे लोक मेले कशाने? वाऱ्याने उडून नव्हे. वीज महिनोन्महिने नव्हती, शेवटच्या घरांत ती यायला जवळपास वर्ष लागलं. ऑक्सिजनचं यंत्र बंद, डायलिसिस चुकलेलं, इन्सुलिन ठेवायला फ्रीज नाही, रस्ता तुटल्याने दवाखाना नाही. बेट सोडून इथे ऑर्लँडोला आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांना ६४ हा आकडा नुसता उच्चारून दाखवा.

२०२४ मध्ये ‘नेचर’ ह्या विज्ञान-नियतकालिकात अमेरिकेतल्या ५०१ वादळांचा अभ्यास आला. सरकारी नोंदीत एका वादळाचे सरासरी २४ बळी. पुढच्या पंधरा वर्षांत नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू मोजले तर अंदाज दर वादळामागे सात ते अकरा हजारांचा. तेव्हा आगरातले, तुमच्या तालुक्यात जून २०२० नंतर कोण कशाने गेलं हे कोणी तपासलंय का?

कटकची_बदली
मारियाचं मान्य. वर्षभरातलं आहे आणि कारण समोर दिसतं. पंधरा वर्षांचं मात्र गळी उतरत नाही. पंधरा वर्षांत साथ येते, कारखाना बंद पडतो, मुलं गाव सोडतात. त्यातलं वादळाच्या नावावर किती टाकायचं ते गणित ठरवतं. धोरण आखायला ठीक आहे, पण त्यावर पंचनामा होत नाही.

आणि माझी भीती वेगळी आहे. वादळाआधीच्या रात्री म्हातारी घर सोडायला तयार नसते. तिला समजवायला एकच सोपं वाक्य लागतं: गेलात तर जगाल. ‘मृतांचा आकडा काही खरा नाही’ हे तुम्ही चारचौघांत रुजवलंत की ते वाक्य बोथट होतं. इशारा असून माणूस हलवला नाही तर काय होतं ते लांब जाऊन बघायला नको. मे २०२१, तौक्ते. किनाऱ्यावरची माणसं हलवली. मुंबईच्या समुद्रात तेलविहिरींवरच्या कामगारांचा पी-३०५ हा राहण्याचा तराफा मात्र २६१ माणसांसकट तिथेच राहिला आणि १७ तारखेला बुडाला. सत्तरहून जास्त जीव गेले. तिथे आकडाच बोलला ना? चौकशी लागली ती आकड्यामुळे.

तुसडा
काका, ह्याचा अर्थ आगरातल्यांच्या वाडीची चौकशी लागायला कोणीतरी मरायला हवं होतं. म्हणजे मूळ धागा बरोबर.

कटकची_बदली
शब्दात पकडू नका हो.

चुलीपाशी
मघापासून वाचतेय. एक आकडा, दुसरा आकडा. आत कोण आहे ते कोणीच बघत नाही.

१९७० चं भोला वादळ, १२ नोव्हेंबर. तीन ते पाच लाख माणसं. त्यावर पूर्व पाकिस्तानात किती संताप उसळला आणि पुढच्याच महिन्यातल्या निवडणुकीत काय झालं ते सगळ्यांना पाठ असतं. मग बांगलादेश झाला, स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. तरी २९ एप्रिल १९९१ ला एक लाख ३८ हजार गेले, आणि त्यात बायका पुरुषांच्या कितीतरी पट. इशारा पोचला नाही असं नाही. पोरं, म्हातारी माणसं, कोंबड्या सोडून निघायचं कसं, घरचा पुरुष बाहेर असताना विचारायचं कोणाला, परक्या पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात बसायचं कसं. आणि पाण्यात साडी पायांत गुंडाळते. २००७ च्या सिद्रला आकडा साडेतीन हजारांच्या आत आला. त्याचं श्रेय काकांना म्हणायचंय तसं इशाऱ्यांना आणि निवाऱ्यांना आहेच. पण बायकांना निवाऱ्यापर्यंत आणायचं कसं हा विचार करावा लागला, तोही त्यातच आहे.

आता आगरातले, तुम्हाला. तुम्ही माणसांऐवजी झाडं मोजलीत, एवढंच. पाच हजारांचे नऊ वाटे वाईट, कबूल. पण तुमच्या पडवीत बसून सुपारी सोलणाऱ्या बायकांचा सातबारा कुठे आहे? त्या किलोवर सोलतात. १४० पोफळी गेल्या म्हणजे त्यांचा हंगाम गेला. त्यांच्या पंचनाम्यात काय लिहिणार?

नाक्यावरचा
धागा आता लागला मार्गाला.

आगरातला
ताई, गप्प केलंत. आमच्याकडे दोघी यायच्या, दिवाळीनंतर. एक पनवेलला मुलाकडे गेली असं आई म्हणाली होती. दुसरीच्या घरावरचे पत्रे उडाले होते, ते मी स्वतः पाहिलं होतं. पुढे काय झालं ते विचारलं नाही. आमच्याच वाडीच्या फेऱ्या चालल्या होत्या. आईकडे नंबर असेल, उद्या फोन करतो.

कटकची_बदली
करा, आणि काय म्हणाली ते इथे लिहा. शीर्षकाशी मात्र मी अजून सहमत नाही.