चीनऐवजी थायलंडहून ६३०२ बेअरिंग: पहिली ऑर्डर कशी द्यावी?

प्रश्न: दुचाकीच्या चाकाची ६३०२ बेअरिंग्ज आता थायलंडहून आणायची आहेत. थेट मोठी ऑर्डर देऊ का?

उत्तर १: अजिबात नको. आधी नमुने मागवा. ६३०२ हा मापाचा क्रमांक आहे: आतला व्यास १५, बाहेरचा ४२, रुंदी १३ मिमी, मायक्रोमीटरने मोजा. सी३ (आतली मोकळीक, म्हणजे क्लिअरन्स, नेहमीपेक्षा जास्त) हवं असेल तर ऑर्डरमध्ये तसं लिहा. क्लिअरन्स कमी पडला, तर हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, घट्ट बसल्यावर बेअरिंग तापतं. नमुना चोख आणि माल हलका, हे फार घडतं. माल भरण्यापूर्वी तपासणी झाल्याशिवाय उरलेले पैसे सोडू नका.

उत्तर २: भारत-आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) कराराची ड्युटी सवलत हवी तर फॉर्म एआय, म्हणजे मालाच्या मूळ देशाचं प्रमाणपत्र, लागेल. पण कॅरोटार २०२० या कस्टम्सच्या मूळ देशाबाबतच्या नियमांप्रमाणे माल तिथलाच असल्याची माहितीही तुमच्याकडे हवी. चिनी माल नुसता नव्या खोक्यात भरला असेल, तर सवलत नाही.

प्रश्नकर्ता: मग माल देणारा स्वतः कारखाना आहे की व्यापारी, तेच आधी विचारतो.