शापित तलवारीला बांधलेल्या मेलेल्या योद्ध्याला काय म्हणावं?

अनुवादिका:
एका अद्भुतकथेचा अनुवाद करतेय. तिच्यात एक शापित तलवार आहे. जो ती चालवतो तो रणात पडला तरी सुटत नाही. तलवार नव्या हातात गेली की आधीचे सगळे धनी कुजलेल्या देहांनिशी उठून तिच्यामागे चालू लागतात. मी त्यांना ‘अमर योद्धे’ म्हटलं. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने तिथेच खूण केली: अमर म्हणजे वर मिळालेले, हे तर सडतायत. मला तिचं पटलं. मग कोणता शब्द घ्यावा?

नीरक्षीर:
‘चिरंजीव’ घ्या. अश्वत्थामा चिरंजीवच, पण कृष्णाने त्याला शाप दिला तो ३००० वर्षं रक्तपुवाचा दर्प अंगावर घेऊन एकट्याने भटकण्याचा. म्हणजे हा शब्द शापाचं ओझंही पेलतो.

खड्गहस्त:
अश्वत्थामा मेलेलाच नाही. जखम घेऊन जगणं वेगळं, मरून उठणं वेगळं. वेताळही चालणार नाही, तो दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो. इथे योद्धा स्वतःच्याच देहात अडकलाय.

ओसरी:
‘समंध’! आजी म्हणायची, ज्याचा जीव मागच्या ठेव्यात अडकतो त्याचा समंध होतो. माझ्या मते हा ‘संबंध’च, बोलण्यात झिजलेला. बांधलेपण शब्दातच आहे, वेगळं ‘बद्ध’ जोडायला नको. ‘तलवारीचे समंध’. मला तर वाचतानाच काटा येतो.

नीरक्षीर:
समंधाला देह कुठे असतो? आणि लोखंडी चिलखतातल्या परक्या योद्ध्याला समंध म्हटलं की कथा आपली जागा सोडते.

ओसरी:
मग ‘अनडेड’ लिहायचं का? परकं ते परकंच ठेवायचं, तर अनुवाद कशाला?

खड्गहस्त:
अनडेड मलाही नको. पण आधी शाप कोणाला आहे ते ठरवा. कर्णाला परशुरामाचा शाप होता की ऐन वेळी ब्रह्मास्त्र आठवणार नाही. तिथे अस्त्र निर्दोष, शाप माणसाला. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन कथांमधल्या टिर्फिंग तलवारीचं उलट आहे. राजाने बुटक्या कारागिरांकडून ती तलवार जबरदस्तीने घडवून घेतली, म्हणून त्यांनी तलवारीलाच शापलं: म्यानातून निघाली की माणूस मारल्याशिवाय परत जाणार नाही. पुढे हेर्वोर ही मुलगी सामसे बेटावर बापाच्या थडग्यापाशी जाऊन त्याला उठवते आणि तलवार मागते. तो मेलेला बाप, अंगन्तीर, आतून बोलतो, तलवार देऊ पाहत नाही, ती तुझ्या कुळाचा नाश करील म्हणतो. अशा मृतांना त्या भाषेत ‘हाउगबुई’ म्हणतात, म्हणजे थडग्याच्या टेकाडात राहणारा. त्यांनी शब्द राहण्याच्या जागेवरून केला. तुमचे योद्धे तलवारीत राहतात, तर ‘खड्गवासी’ का नको?

अनुवादिका:
‘खड्गवासी’ सुंदर आहे, पण फार शांत वाटतो. ‘वैकुंठवासी’ कानात वाजतं. माझ्या योद्ध्यांना तिथे राहायचं नाहीये, त्यांना वेठीला धरलंय.

शुद्धमती:
मुळात ‘शापित’ चूक आहे. शप् धातूचं रूप ‘शप्त’. तलवार ‘शप्त’ किंवा ‘अभिशप्त’ लिहा.

ओसरी:
मराठीत ‘शापित’ पिढ्यान्‌पिढ्या रुळलाय. ‘शप्त तलवार’ वाचून कोण घाबरेल?

शुद्धमती:
घाबरवण्यासाठी व्याकरण मोडायचं नसतं.

खड्गहस्त:
व्याकरण मोडलेलं नाही. ‘शापित’ हे प्रयोजक रूप, म्हणजे ‘करायला लावणं’ दाखवणारं, आणि संस्कृतात त्याचा अर्थ ‘ज्याला शपथ घातली आहे तो’. शाप आणि शपथ एकाच धातूचे. म्हणजे ‘शापित’ तलवारीपेक्षा त्या योद्ध्यांनाच जास्त लागू पडतो.

शुद्धमती:
मग तलवारीला ‘शप्त’च लिहावं लागेल. माझंच म्हणणं सिद्ध झालं.

ओसरी:
अजिबात नाही. शब्द संस्कृतात काय होता यावर मराठीत तो काय आहे हे ठरत नाही. आणि समंधाला देह नसतो हे नीरक्षीर कशावरून म्हणतात? आजीच्या गोष्टीतला समंध दार ढकलून आत यायचा.